काउंटरच्या अलीकडे

चौथ्या सेमिस्टरला फार्माकॉलॉजीच्या पेपरात अँटिडिप्रेसंटवर, म्हणजे नैराश्यावरच्या औषधांवर, प्रश्न येतोच येतो. वर्गीकरण लिहा, एका गटाचं कार्य सांगा, दुष्परिणाम, उपयोग. मी तो इतका घोटला होता की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी घडाघडा म्हटला असता. अडचण एवढीच, की झोपच येत नव्हती.

ही २०२५ च्या जानेवारीपासून दिवाळीपर्यंतची हकीकत. मी बी.फार्मच्या दुसऱ्या वर्षाला, पुण्याच्या जरा बाहेरच्या एका कॉलेजात, मुलींच्या हॉस्टेलवर. गाव बार्शी.

सरांनी वर्गात एक गोष्ट सांगितली होती. १९५२ साली न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयाच्या पेशंटना इप्रोनियाझिड द्यायला लागले, तर खाटेवर पडून असलेली माणसं हसायला लागली, नाचायला लागली, आणि नैराश्यावरच्या औषधांची वाट तिथून निघाली. वर्गात हशा पिकला. मीही हसले आणि वहीत चौकट करून लिहून घेतलं. त्या दिवशी मी जेवले नव्हते, आदल्या दिवशीही नव्हते. हे औषध आपल्यासाठी असेल असं डोक्यात आलंच नाही, असं म्हटलं तर खोटं होईल. आलं होतं. मी ते दारातूनच परत पाठवलं.

व्हायचं काय, तर पहाटे चारपर्यंत टक्क जागी. मग झोप लागायची आणि पहिलं लेक्चर बुडायचं. मेसमध्ये ताट वाढून घ्यायचं आणि तसंच धुवायला ठेवायचं. मेडिसिनल केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला आयबुप्रोफेनचं टायट्रेशन करताना ब्युरेटकडे बघत उभी राहायचे. एंड पॉइंट कधी येऊन गेला कळायचं नाही, फ्लास्कमध्ये फिकट गुलाबीच्या जागी गडद राणी रंग झालेला असायचा. जर्नल अपुरं, अटेंडन्स कमी, घरी फोनवर मात्र "हो, जेवले."

संक्रांतीला घरी गेले तेव्हा आई म्हणाली, किती उतरलीस. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. थायरॉइड नॉर्मल, हिमोग्लोबिन बरं, बी-ट्वेल्व्ह कमी. घरात काय आनंद झाला म्हणून सांगू! दुखण्याला आकडा मिळाला होता. आईनं गल्लीत चार घरी सांगितलं, "पोरीचं बी-ट्वेल्व्ह कमी झालंय, इंजेक्शनं चालू केलीत." इंजेक्शनं घेतली. बी-ट्वेल्व्ह वाढलं असेल. माझी पहाट चारलाच होत राहिली.

परत आल्यावर मोबाइलवर नैराश्याची ती नऊ प्रश्नांची चाचणी भरली, पीएचक्यू-नाइन. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटला नाही का, झोपेचा त्रास, थकवा, भूक, स्वतःबद्दल वाईट वाटणं. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, सगळे मिळून जास्तीत जास्त २७. पाच ते नऊ म्हणजे सौम्य, दहापासून पुढे मध्यम आणि मग चढत जातं. मला १७ आले. मग मी पुन्हा भरली. "जवळजवळ रोज"च्या जागी "काही दिवस". पुन्हा भरली. नऊ आल्यावर थांबले. प्रॅक्टिकलला रीडिंग जुळत नाही म्हणून आम्ही कुक करतो ना, अगदी तसं.

हे सगळं मी का करत होते याचं उत्तर बार्शीत आहे, भगवंताच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. तिथं माझ्या मामाचं मेडिकल आहे.

दहावीपासून दर सुट्टीत मी मामाच्या काउंटरला बसते. काउंटरच्या आतल्या बाजूला उभं राहिलं की आख्ख्या पेठेची दुखणी तोंडपाठ होतात. कुणाची शुगर वाढली, कुणाला पाळी लांबवायच्या गोळ्या लागतात, कुणाच्या म्हाताऱ्याला डायपर. अल्प्राझोलामसारखी झोपेची, चिंतेवरची औषधं शेड्यूल एच-वनमध्ये येतात. त्यांच्यासाठी वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं, डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं, आणि ते तीन वर्षं जपायचं. माझं अक्षर बरं म्हणून ते मीच भरायचे. नैराश्यावरच्या एस्सिटालोप्रामला असलं रजिस्टर लागत नाही, चिठ्ठी पुरते. पण ती पट्टी घेऊन गिऱ्हाईक पायरी उतरलं, की मामा बिलबुकातून मान वर न करता म्हणायचा, "डोक्याच्या गोळ्या चालू हैत." त्यात वाईट हेतू काही नसायचा. पाऊस येईल असं वाटतंय म्हणावं, तसा आवाज.

आणि मी घरी जाऊन आईला सांगायचे. हे लिहायला जड जातंय, पण सांगायचे. आमच्या शाळेतल्या एक बाई होत्या, फार छान शिकवायच्या. त्या चिठ्ठी घेऊन यायच्या. पुढे त्यांच्या मुलीच्या स्थळाची कुणीतरी आमच्याकडे चौकशी केली, तेव्हा आई म्हणाली, "माणसं चांगली आहेत, पण घरात जरा तसलं आहे." मी आत पोहे परतत होते. ही माहिती आईपर्यंत कुठून आली ते मला पक्कं माहीत होतं.

त्यामुळे जनजागृतीच्या कार्यक्रमात "लोक काय म्हणतील ही भीती सोडा" असं कुणी म्हटलं की मला हसू येतं. लोक काय म्हणतात ते मी कानांनी ऐकलं होतं, आणि त्यांना ते कळवणारी मीच होते. माझी भीती मोघम नव्हती, तिला पत्ता होता.

फेब्रुवारीत कॉलेजच्या समुपदेशन कक्षात गेले खरी. तिथं जायचं तर फॉर्म भरायचा, त्यावर जीएफएमची सही घ्यायची. जीएफएम म्हणजे गार्डियन फॅकल्टी मेंबर, वीस-पंचवीस पोरांमागे एक शिक्षक. आमचे सर दुसऱ्या वर्षाला प्रॅक्टिकलही घ्यायचे. फॉर्मवर "भेटीचे कारण" अशी एक ओळ होती. मी लिहिलं "अभ्यास". कक्ष परीक्षा विभागाच्या खिडकीला लागून, बाहेर बाकडं. बॅकलॉगचे फॉर्म भरायला आलेली सगळी जनता आणि बाकड्यावर मी. आत मॅडम होत्या, पहिल्या वर्षी आम्हाला कम्युनिकेशन स्किल्स शिकवलेल्या. त्यांनी मला त्या विषयात इंटर्नलचे मार्क दिले होते.

मॅडम वाईट नव्हत्या. पाणी दिलं, दार लोटून घेतलं. मग विचारलं, "सो, हाऊ हॅव यू बीन फीलिंग?" आणि माझी बोबडी वळली. मी मराठी माध्यमातली. इंग्रजीत मला फार्माकॉलॉजी येतं, पण माझं दुखणं इंग्रजीत येत नव्हतं. आतून उलघाल होते, हे कसं सांगायचं? जीव थाऱ्यावर नाही, घालमेल होते, कशात मन लागत नाही, कसंतरीच होतं. यातल्या "कसंतरीच"ला तर मराठीतसुद्धा दुसरा शब्द नाही. मी म्हटलं, "आय ॲम ओके मॅडम, जस्ट स्ट्रेस." त्यांनी टाइमटेबल करायला सांगितलं, योगासनं सांगितली. शेवटी अगदी मायेनं म्हणाल्या, "घरी फोन करू का? वडिलांशी बोलते मी." मी इतक्या घाईनं नको म्हणाले की त्याच दचकल्या. पंधराव्या मिनिटाला बाहेर. वर्गातली एक जण खिडकीशी उभी होती. "काय गं, किती विषय राहिले?" तिला वाटलं मी बॅकलॉगचं विचारायला आलेय. मला इतकं हायसं वाटलं. नापास झालेली दिसणं परवडत होतं.

मार्चमध्ये एका रात्री गच्चीवरून १४४१६ ला फोन लावला. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा हा नंबर २०२२ च्या १० ऑक्टोबरला, मानसिक आरोग्य दिनी, सुरू झालेला. फुकट आणि चोवीस तास. मला तो तोंडपाठ होता, कारण एनएसएसच्या हिवाळी शिबिरात गावभर त्याची पत्रकं मीच वाटली होती. लोकांना सांगत फिरले होते, संकोच करू नका म्हणून. भाषेचा पर्याय आला, मराठी निवडली. पलीकडे एक ताई, बोलण्यात विदर्भाचा हेल. नाव सांगायचं नसेल तर राहू द्या म्हणाल्या. झोपेचं विचारलं, जेवणाचं विचारलं, आणि मग आवाजात काही फरक न करता, "जगू नये असं वाटते का?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "मरावं असं नाही वाटत. पण रात्री झोपताना वाटतं, उद्या सकाळ झाली नाही तरी चालेल." म्हटलं, आता या घाबरतील, पोलिसांना कळवतील, घरी कळवतील. तसलं काही झालं नाही. आत्ता कुठं आहात, बरोबर कोण आहे, मनात काही ठरवलंय का, एवढं विचारलं आणि आधी गच्चीवरून खाली खोलीत जाऊन बसायला लावलं. मी बोलत बोलत जिना उतरले. नंतर म्हणाल्या, याला उपचार आहेत, सरकारी दवाखान्यात मानसोपचाराची ओपीडी असते, तिथं दाखवा. आणि एकट्या जाऊ नका, कुणाला तरी सोबत घ्या.

त्यानंतरही मी अकरा दिवस गेले नाही. प्रायव्हेटमध्ये जायचं तर एका भेटीची फी ऐकूनच मी फोन ठेवला होता, आणि पैसे मागायचे तर कारण सांगावं लागणार. सरकारी ओपीडी सकाळची, म्हणजे ऐन कॉलेजच्या वेळेत. कॉलेज बुडवून हॉस्टेलबाहेर पडायचं तर रेक्टर मॅडम घरी फोन करून विचारतात. चारी बाजूंनी दारं बंद, आणि खरं सांगायचं तर ती बंद आहेत याचं मला बरंच वाटत होतं.

माझी रूममेट गडहिंग्लजची. तिकडच्या पोरी "मी जातो, मी करतो" असंच बोलतात, पहिल्या वर्षी आम्ही तिला त्यावरून फार चिडवायचो. एका रात्री तिनं दिवा लावला आणि म्हणाली, "तू रोज जागी असतीस, मला कळत नाही व्हय? काय असंल ते सांग." मी सांगितलं. तिनं समजावलं नाही, पॉझिटिव्ह राहा म्हणाली नाही. थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "सोमवारी जाऊया. मी येतो की तुझ्याबरोबर. त्यात काय एवढं?" रेक्टरचं काय? "माझी दाढ दुखतीया. तू माझ्यासोबत येणार." सोमवारी सकाळी तिनं गालाला रुमाल बांधला आणि रेक्टरसमोर अशी कण्हली की मॅडमनी लवंगेचं तेल देऊ केलं. घरी फोन गेला तो तिच्या, आणि तिच्या आईला तिनं रात्रीच सगळं पढवून ठेवलं होतं.

केसपेपरच्या खिडकीवर माणसानं ओरडून विचारलं, "कुठला विभाग?" माझ्या घशातून शब्द निघेना. मागून रूममेट खणखणीत म्हणाली, "मानसोपचार! खोली नंबर सांगा." मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा रांगेतलं एकही डोकं वळलं नव्हतं. प्रत्येकाला आपापल्या नंबरची काळजी.

लहानपणापासून ऐकत आलो, कुणी विचित्र वागलं की "ह्याला येरवड्याला धाडा." मुंबईकडचे ठाण्याला धाडतात. राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालयं चार, येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी, आणि ज्याच्या त्याच्या मुलखाची थट्टा ज्याच्या त्याच्या रुग्णालयावर. माझ्याही मनात तसल्याच उंच भिंती होत्या. प्रत्यक्षात होती एक खोली, अलीकडे त्वचारोग, पलीकडे कान-नाक-घसा. बाकड्यावर माझ्या शेजारी मिरच्यांची पिशवी घेऊन बसलेल्या एक मावशी होत्या. त्यांनी विचारलं, "नंबर कितवा?" एवढीच चौकशी. दोन तास बसलो. रूममेट त्यात फार्माकॉग्नोसीचं अर्धं युनिट वाचून मोकळी झाली.

डॉक्टर आमच्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी असेल, डोळ्यांखाली काळं झालेलं, रात्रपाळी करून आलेली वाटली. तिनं पहिला प्रश्न विचारला, "कशात जीव लागतो का?" मला रडूच फुटलं. इतका साधा प्रश्न, आणि त्याला उत्तर द्यायला भाषांतर करावं लागत नव्हतं. तेच नऊ प्रश्न तिनं मराठीत विचारले. या वेळी कुक केलं नाही. १९ आले. बी-ट्वेल्व्हचा, थायरॉइडचा रिपोर्ट तिनं नीट बघितला, म्हणजे ती तपासणी अगदीच वाया गेली नव्हती. मग मी मुख्य प्रश्न विचारला: घरी कळवणार का? ती म्हणाली, तू एकोणीस वर्षांची आहेस. २०१७ चा मानसिक आरोग्याचा कायदा आहे, त्यात पेशंटची माहिती गुप्त ठेवायचा हक्क लिहिलाय. जिवाला धोका आहे असं मला वाटलं तर गोष्ट वेगळी, आणि तसं असेल तर आधी तुला सांगेन. हे वाक्य मला फेब्रुवारीत, त्या बाकड्यावर बसण्याआधी हवं होतं.

"बी.फार्म ना? मग तुला गोळ्यांचं काय सांगायचं," ती हसली. एस्सिटालोप्राम, आधी पाच मिलिग्रॅम, मग दहा. आणि मी, दहापैकी नऊ मार्कांचं उत्तर लिहिणारी, तिला विचारलं, "डॉक्टर, याची सवय नाही ना लागणार?" मामाच्या काउंटरला येणारा प्रत्येक माणूस विचारतो तो प्रश्न. सवय लागत नाही, पण मनानं एकदम बंद करायच्या नाहीत, कमी करत करत बंद करायच्या. मला माहीत होतं. ते कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं.

परीक्षेच्या उत्तरात दुष्परिणामांमध्ये "मळमळ" हा एक शब्द असतो. माझी मळमळ नऊ दिवस चालली. जांभया तर इतक्या की पुढच्या बाकावर बसायची सोय नाही. या गोळ्या मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाचं काम काही तासांतच बदलतात, माणसाला बरं वाटायला मात्र दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. पुस्तकात हे एका ओळीत आटपतं. ती ओळ जगायला फार लांब आहे. दुसऱ्या आठवड्यात मी पट्टी कचऱ्याच्या डब्यात टाकली होती, रूममेटनं काढून टेबलावर ठेवली. बोलली काहीच नाही.

चौथ्या आठवड्यात मेसची मटकी खाताना मला वाटलं, मीठ कमी आहे. मी मीठ मागितलं. कितीतरी महिन्यांत मी जेवणाबद्दल काही मागितलं नव्हतं.

दवाखान्यातला साठा संपला की गोळ्या बाहेरून घ्याव्या लागायच्या. हॉस्टेलच्या वाटेवर तीन मेडिकल सोडून मी दोन किलोमीटर लांब, जिथं आमच्या कॉलेजचं कुणी जात नाही अशा दुकानात जायचे. काउंटरवरच्या पोराकडे बघत राहायचे, मी पायरी उतरल्यावर हा काय म्हणेल. एकदा मुद्दाम थांबले, चपलेचा बंद लावायचं नाटक करत. तो पुढच्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "बोला दादा." बस्स.

जूनमध्ये घरी आईला पट्टी सापडली. तिनं पहिला प्रश्न काय विचारावा? "कुणाच्या दुकानातनं घेतल्यास?"

"पुण्यातनं."

"बरं केलंस," असं म्हणून ती खाली बसली. बराच वेळानं, "बी-ट्वेल्व्हसारखंच का हे?" मी हो म्हणाले. शास्त्र म्हणून चूक आहे, पण त्या दुपारी तेवढं पुरलं. वडिलांनी विचारलं, नोकरीला अडचण येते का याची? नाही म्हटल्यावर त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. पुण्याला परत निघाले त्या दिवशी मात्र न मागता हातात पैसे ठेवले. गंमत बघा, आमच्या बार्शीत नर्गिस दत्त यांच्या नावाचं कॅन्सर हॉस्पिटल आहे, चार जिल्ह्यांची माणसं उपचाराला येतात. एके काळी कॅन्सर म्हणायलाही माणसं कचरायची, आज रिक्षावालाही केमो कितवी म्हणून विचारतो. शब्द असे रुळतात. पण ते हॉस्पिटल तिथं असल्यामुळे रुळतात, नुसती पत्रकं वाटून नाही.

बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेली पाहणी मी नंतर वाचली, त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. नैराश्य, चिंता यांसारखे नेहमीचे आजार असलेल्या शंभरातल्या सुमारे ८५ जणांपर्यंत उपचार पोचत नव्हते. आधी मला वाटायचं, या ८५ जणांना माहिती नसणार. आता वाटतं, त्यातल्या कितीकांना माहिती असेल, फक्त दाढ दुखतीया म्हणणारी कुणी नसेल.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वं दिली; शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथं निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असलाच पाहिजे, असं त्यात आहे. आमच्याकडे ऑगस्टमध्ये बाहेरच्या एक ताई आठवड्यातून दोन दिवस यायला लागल्या. त्या आम्हाला काही शिकवत नाहीत, मार्क देत नाहीत. फॉर्म नाही, सही नाही, मेसेज करून वेळ घ्यायची. आणि खोली मिळाली ती वाचनालयाच्या वरची. ही खोली कुणी मुद्दाम निवडली की दुसरी रिकामी नव्हती म्हणून दिली, देव जाणे, पण जिना चढणारी मुलगी पुस्तक बदलायला चाललीय की ताईंकडे, हे कुणाला कळत नाही. सप्टेंबरात मला तीन आठवडे वेळ मिळेना, इतकी गर्दी. पोरं तीच, कॉलेज तेच.

ताईंकडे माझी सहा सत्रं झाली. विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात तो प्रकार, मनातले "असंच झालं पाहिजे" असे हट्ट शोधून सैल करायचे. अल्बर्ट एलिस यांचा, मराठी मुलखात तो रुजवला कि. मो. फडके यांनी. त्या कागदावर माझीच वाक्यं लिहून घ्यायच्या आणि "च"वर गोल काढायच्या. "मला पहिल्या झटक्यात पास व्हायलाच पाहिजे." "घरच्यांना कळताच कामा नये." एका पानावर चौदा गोल निघाले. माझा चेहरा बघून त्याच हसल्या.

सगळं ठीक झालंय असं नाही. गोळी चालू आहे. बरं वाटायला लागल्यावरही काही महिने घ्यायची असते, हेही पुस्तकात आहे. चौथ्या सेमिस्टरचा एक विषय राहिलाय. तो फार्माकॉलॉजी नाही, एवढंच समाधान.

दिवाळीच्या सुट्टीत मामाच्या काउंटरला बसले होते. वसुबारसेची संध्याकाळ, रस्त्यावर पणत्यांचे गाडे. माझ्याच वयाचा एक मुलगा चिठ्ठी घेऊन आला, सोलापूरच्या डॉक्टरची. चिठ्ठी देताना त्यानं मागं वळून रस्ता बघितला. एस्सिटालोप्राम, दहा. नाव मोठ्यानं न वाचता मी पट्टी काढली, कागदी पाकिटात घातली, पाकीट दुमडलं. "जेवणानंतर घ्या. पहिले काही दिवस मळमळेल, सोडू नका," म्हटलं. त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. पैसे दिले, गाडीला किक मारली.

मामा बिलबुकात काहीतरी लिहीत होता. त्यानं मान वर केली, तोंड उघडलं. मी त्याच्याकडे बघत राहिले.

"सुट्टे दिलेस का त्याला?" मामा म्हणाला.

दिले म्हटलं. आईनं त्याला माझं सांगितलंय की नाही, मी अजून विचारलेलं नाही.